अर्जावर माझीच सही, मंजुरीवरही माझीच

वाचकाचं पत्र

"सादर नमस्कार. माझं वय ३६, शिक्षण बी.एस्सी. ॲग्री. गाव साडेतीन हजार वस्तीचं. चार वर्षांपासून मी विकास सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीक कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचा, चेअरमन आहे आणि मागच्या वर्षी थेट जनतेतून सरपंच झालो. सोसायटी सोडली नाही, कारण कायद्यानं तशी सक्ती नाही असं सगळ्यांनी सांगितलं. माझ्या काळात सोसायटी तोट्यातून वर आली, वसुली सुधारली.

स्टँडजवळ ग्रामपंचायतीचे गाळे आहेत. त्यातला एक रिकामा झाला. सोसायटीला खताच्या दुकानासाठी जागा हवीच होती. मी चेअरमन म्हणून अर्ज दिला आणि मासिक सभेत सरपंच म्हणून ठराव मंजूर करून घेतला. भाडं जुनंच ठेवलं, महिना ७०० रुपये. शेजारचा गाळा मागच्या लिलावात २,१०० ला गेला होता, पण सोसायटी शेतकऱ्यांचीच आहे म्हणून कोणी हरकत घेतली नाही. मी एक रुपया खाल्लेला नाही. पुढच्या ग्रामसभेतही कोणी चकार शब्द काढला नाही. तरी पारावर कुजबुज आहे. आमचे चुलते निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, 'अर्जावर तुझी सही, मंजुरीवर तुझी सही, मग गाव कशाला पाहिजे?' ते फार लागलं.

त्यात तालुक्याचे साहेब म्हणतात, बाजार समितीला ग्रामपंचायत गटातून फॉर्म भर. मित्र म्हणतात, बोलणी नको असतील तर सोसायटीवर वहिनींना बसव. मी सोडलं तर सोसायटी पुन्हा जुन्या टोळीच्या हातात जाईल ही भीती वेगळीच. माझं नेमकं चुकतंय कुठं? – एक सरपंच, पश्चिम महाराष्ट्र"

उत्तर

नमस्कार सरपंच,

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. गाळ्याचा ठराव पुन्हा सभेपुढं आणा आणि त्या विषयाला अध्यक्षाच्या खुर्चीत बसू नका. सोसायटीचं चेअरमनपद सोडा. बाजार समितीचा फॉर्म या खेपेला भरू नका. वहिनींना बसवायची कल्पना तर डोक्यातूनच काढून टाका. तुमच्या चुलत्यांनी जे एका वाक्यात सांगितलं तेच मी लांबण लावून सांगणार आहे. घाई असेल तर इथंच थांबलात तरी चालेल.

कायद्याचं म्हणाल तर तुम्हाला कोणी खोटं सांगितलेलं नाही. ग्रामपंचायतीचा आपला कायदा १९५८ चा. सदस्य म्हणून कोण राहू शकत नाही याची यादी त्याच्या कलम १४ मध्ये आहे. ग्रामपंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तो अपात्र. मागणी झाल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा अपात्र. पण त्याच कलमाच्या खुलाशात असंही आहे की एखाद्या नोंदणीकृत संस्थेत तुमचा वाटा आहे आणि ती संस्था ग्रामपंचायतीशी करार करते, केवळ एवढ्यावरून तुम्ही अपात्र ठरत नाही. उद्या कोणी जिल्हाधिकाऱ्यांकडे तुमच्याविरुद्ध अर्ज केलाच, तर तुमचा वकील पहिलं हेच पान उघडेल आणि बहुधा तुम्ही सुटालही. सहकार कायद्यात एका माणसानं किती संस्थांचं अध्यक्षपद अडवून ठेवावं याला बांध घालणारं कलम ७३ अ आलं, पण त्यात मोजायच्या त्या सहकारी संस्था. सरपंचपद त्या हिशेबात येतच नाही.

उलट एका पदावरून दुसऱ्यावर जायची सोय कायद्यातच आहे. बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी ११ सोसायट्यांच्या संचालकांच्या मतांवर निवडून येतात, चार ग्रामपंचायत सदस्यांच्या मतांवर. उरलेल्यांत दोन व्यापारी-अडत्यांचे, एक हमाल-मापाड्यांचा. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटीच्या वतीनं मत कोण देणार, त्याचा ठराव सोसायटीचं संचालक मंडळ करतं. तो ठराव कोणाच्या नावचा यावरून रात्री-अपरात्री गाड्या कशा फिरतात आणि ठरावधारकांच्या सहली कुठं कुठं निघतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे गावात सरपंच आणि चेअरमन एकच असणं हा काही तुम्ही लावलेला शोध नव्हे. वरच्या सगळ्या मजल्यांना ते सोयीचंच असतं. एका माणसाला धरलं की गावाची सगळी मतं हाताशी.

तर मग अडचण कुठं? गाळ्यापासूनच बघू.

चेअरमन म्हणून तुमचं काम काय होतं? सोसायटीला गाळा मिळवायचा आणि होता होईल तेवढ्या कमी भाड्यात. ते तुम्ही चोख केलंत. सरपंच म्हणून तुमचं काम काय होतं? ग्रामपंचायतीच्या मालमत्तेला जास्तीत जास्त भाडं आणायचं. ते झालंच नाही. शेजारचा गाळा २,१०० ला जातो आणि हा ७०० ला, म्हणजे महिन्याला १,४०० आणि वर्षाला १६,८०० रुपये ग्रामनिधीतून वजा झाले. एरवी असा विषय आला की घासाघीस होते. चेअरमन सातशे म्हणतो, सरपंच दोन हजार म्हणतो, कोणी सदस्य मध्ये पडतो, कुठंतरी चौदाशे-पंधराशेला तुटतं. तुमच्या सभेत ती घासाघीस झालीच नाही, कारण मागणारा आणि देणारा एकाच खुर्चीत बसले होते.

"सोसायटी शेतकऱ्यांचीच आहे" हे तुमचं वाक्य मला फार खटकलं. सोसायटी गावाची नाही, सभासदांची आहे. साडेतीन हजारांत तुमचे सभासद किती? त्यातले पीक कर्ज उचलणारे किती? ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा तुमच्या सोसायटीशी संबंध काय? ग्रामनिधी मात्र त्याचाही आहे. वस्तीवरच्या शेतमजुराच्या दारातला दिवा त्यातून लागतो, टाकीतलं पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर त्यातून येते. वर्षाचे १६,८०० रुपये त्याच्या खिशातून काढून तुम्ही जमीनवाल्यांच्या खताच्या दुकानाला दिलेत, असं कोणी म्हटलं तर तुम्हाला राग येईल, पण हिशेब तोच निघतो. आणि त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं नाहीतर शिलाईचं दुकान टाकायचं स्वप्न बघणारं एखादं पोरगं असेल, तर लिलाव झालाच नाही म्हणून त्याला बोलीही लावता आली नाही.

ही झाली एक गोष्ट. जरा शोधलंत तर दोन्ही पदं एकमेकांना भिडतात अशा आणखी जागा सापडतील. सोसायटीच्या गोदामाची घरपट्टी थकली तर मागणीचं बिल कोण पाठवणार? तुमच्या कार्यालयातून निघणार आणि तुमच्याच टेबलावर येणार. तुमची सोसायटी रेशन दुकान चालवते का हे पत्रात नाही. बऱ्याच गावांत सोसायटीच चालवते. तसं असेल तर पोत्यात धान्य कमी का, पावती का मिळत नाही, हे तपासायला गावपातळीवर दक्षता समिती असते आणि तिचा अध्यक्ष असतो सरपंच. दुकान चेअरमनचं, तपासणी सरपंचाची. गावाला त्या समितीचा उपयोग उरला का? तुम्ही कितीही सचोटीनं वजन-काटा बघितलात तरी तक्रार घेऊन तुमच्याकडे कोण येणार?

आता ग्रामसभेकडे येतो, कारण "कोणी चकार शब्द काढला नाही" हे तुम्ही तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिलंय. माझ्या लेखी तीच सगळ्यात वाईट खूण आहे.

गावाचं वर्ष कसं चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ३१ मार्चच्या आत नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं पीक कर्ज भरून नवं उचलायचं. ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो हातउसने घेतो, सावकाराकडून चार दिवसांसाठी उचलतो, भरतो आणि नव्या कर्जाची वाट बघत बसतो. एप्रिल-मेमध्ये मंजुरी, जूनच्या पेरणीआधी पैसा हातात आला तर ठीक, नाहीतर बियाणं उधारीवर. याच्या बरोब्बर मध्ये १ मे ची ग्रामसभा येते. आता सांगा, ज्याचं कर्जाचं प्रकरण चेअरमनच्या सहीसाठी थांबलंय तो माणूस १ मे ला हात वर करून "सरपंच, गाळा सातशेला कसा दिला?" असं विचारेल? तुम्ही त्याचं कर्ज अडवणार नाही, हे मला मान्य आहे. त्यालाही कदाचित ते माहीत असेल. पण घरी बायको म्हणेल, "कशाला तोंड उघडताय, पेरणी व्हायचीय." आणि तो गप्प बसेल. १५ ऑगस्टला पिकाची काळजी, २ ऑक्टोबरला वसुलीची. वर्षातला एकही महिना असा नाही की त्याला तुमच्या दोन्ही सह्यांपैकी एकीची गरज नाही.

सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात माझं आयुष्य गेलं. इतिवृत्ताची वही हातात आली की मी आधी आकडे बघत नसे, 'सर्वानुमते' किती वेळा आलंय ते बघत असे. पानामागून पान एकाच हस्ताक्षरात, सूचक तोच, अनुमोदक तोच, खाली सह्यांची रांग एकाच पेनानं एका बैठकीत केलेली, आणि प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर'. अशा वहीत अफरातफर असेलच असं नाही. पण तेरा माणसं बसलेल्या खोलीत वर्षभर एकालाही वेगळं काही वाटलं नाही, हे कोणी मला पटवून देऊ नये.

पूर्वी गावात माणसाला निदान दोन दारं असायची. सोसायटीत काम अडलं की तो सरपंचाच्या दारात जायचा, ग्रामपंचायतीनं दाखला अडवला की चेअरमनकडे जाऊन रडायचा. दोघांचं पटत नसेल तर त्याचं काम जरा लवकरच व्हायचं! आज तुमच्या गावात दोन्ही दारांमागं तुम्हीच आहात. तुम्ही भले असाल, पण तुमच्याबद्दलचीच तक्रार असेल तर ती घेऊन त्यानं जायचं कुठं? तालुक्याला साहेबांकडे? ते तर तुम्हाला बाजार समितीवर घ्यायला निघालेत.

"एक रुपया खाल्लेला नाही" यावर माझा विश्वास आहे. खाणारा माणूस असं पत्र लिहीत नाही. पण मुद्दा तो नाहीच. क्रिकेट बघत असाल तर आठवत असेल. २००८ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळानं आपल्याच नियमात दुरुस्ती करून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आयपीएलचा संघ घ्यायची वाट मोकळी केली. श्रीनिवासन मंडळाचे पदाधिकारी आणि त्यांच्या कंपनीचा चेन्नईचा संघ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ च्या जानेवारीत निकाल आला. श्रीनिवासन यांनी प्रकरण दडपल्याचा आरोप सिद्ध होत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. तरीही ती दुरुस्ती रद्द केली आणि संघात हितसंबंध आहेत तोवर मंडळाची निवडणूक लढवता येणार नाही, असं बजावलं. म्हणजे चोरी सिद्ध झाली नाही, तरी दोन्हीकडे बसता येणार नाही. तुमच्या गाळ्यात कोट्यवधी नाहीत एवढाच काय तो फरक.

याचा अर्थ सरपंचानं दुसऱ्या कशातच पाय ठेवू नये असा नाही. पाणीपुरवठ्याची समिती, आरोग्य-पोषणाची समिती, ही कामं सरपंचपदाबरोबरच येतात. ती तुमच्याच कामाचा भाग आहेत. तुम्ही भजनी मंडळाचे अध्यक्ष असा, तालमीचे असा, कोणाचं काही बिघडत नाही. पदं किती ते मोजत बसू नका. एका पदानं दुसऱ्या पदाला कधीतरी 'नाही' म्हणायचं असतं का, एवढंच बघा. असेल, तर ती दोन्ही एका माणसाकडे नकोत. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा आमदार-खासदारांना त्यांचं सदस्यत्व द्यायचं नाही असं ठरलं. वसंतराव नाईक समितीची शिफारसच तशी होती. दुसऱ्या राज्यांत ते आत बसत होते. आपल्याकडे जिल्ह्याच्या सभागृहात स्थानिक माणसाचा आवाज आमदाराखाली दबू नये, हा विचार त्यामागं होता. पुढं पालकमंत्री, नियोजन समिती, निधीची पत्रं यांतून तो किती टिकला हा वेगळा विषय, आज नको.

मग दोन्हींतलं कोणतं सोडायचं? माझ्या मते यात फार विचार करण्यासारखं नाही. थेट सरपंच निवडायची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. तुम्हाला या पद्धतीनं अख्ख्या गावानं मत दिलंय, त्यात बिनजमिनीचेही आले. चेअरमन तुम्हाला संचालकांनी केलंय. तेव्हा गावानं दिलेलं ठेवा आणि संचालकांनी दिलेलं परत करा. नुसता संचालक म्हणून राहू का, असं विचाराल. कायदा राहू देईल. माझं मत विचाराल तर तेही सोडा आणि साधे सभासद व्हा. संचालक राहिलात तर नवा चेअरमन प्रत्येक सहीआधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग सोडलं काय नि धरलं काय सारखंच. आणि हो, जाता जाता जिल्हा बँकेचा ठराव स्वतःच्या नावचा करून घेऊ नका. पुष्कळ जण खुर्ची सोडतात ती एवढं खिशात घालूनच.

जुन्या टोळीची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. तुम्ही चार वर्षं राबून वसुली रुळावर आणलीत आणि ती वाया जावी असं कोणालाच वाटणार नाही. पण एका माणसाच्या खमकेपणावर सोसायटी चालत असेल, तर ती टोळी तुम्ही आज सोडलंत तरी येईल आणि उद्या तुम्हाला अपघात झाला तरी येईल. तेव्हा ती आली तरी तिला सहजासहजी हात मारता येऊ नये, याची तजवीज करा. संचालकांतला एखादा शहाणा, हिशेबाला पक्का माणूस तुमच्या डोळ्यासमोर असेलच. राजीनाम्याआधी त्याला तयार करा, सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवाबरोबर बसवा, थकबाकीची यादी त्याच्या हातात द्या. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवालाचं नुसतं वाचन न होता त्यातल्या दोषांवर बोलणं होईल, अशी सवय तुमच्या काळात लावा. केंद्राच्या २०२२ च्या योजनेतून सोसायट्यांचं संगणकीकरण चाललंय. तुमच्याकडे ते झालं असेल तर प्रत्येक सभासदाला खातेउतारा मागायला शिकवा. आपल्या नावावर किती कर्ज टाकलंय हे माणसाला कळलं की टोळीचं निम्मं काम अवघड होतं. आणि उद्या तुम्ही फक्त सरपंच आणि सभासद असाल, तेव्हा नव्या चेअरमनला जाब विचारायला तुम्हीच मोकळे असाल. आज तुम्ही स्वतःलाच जाब विचारू शकत नाही.

वहिनींचं थोडक्यात सांगतो. त्यांना खरोखर सोसायटीत रस असेल, त्या सभासद असतील, बैठकीला जाऊन स्वतः वही वाचणार असतील, तर पुढच्या निवडणुकीत महिलांच्या राखीव जागेवर त्यांनी खुशाल उभं राहावं. तेव्हाही तुम्ही सरपंच असाल तर चेअरमनपद त्यांनी घेऊ नये. पण तुमच्या मित्रांना ते म्हणायचं नाहीये. त्यांना सही वहिनींची आणि डोकं तुमचं हवंय. गावाला हे कळायला एक बैठकही लागणार नाही. सरपंचपतींवर आपण सगळे विनोद करतो. तुम्हाला चेअरमनपती व्हायचंय का?

आता साहेब. बाजार समितीबद्दल मी सोसायटीइतका कडक नाही. ग्रामपंचायत गट मुळात गावच्या प्रतिनिधींसाठीच आहे, सरपंचानं तिथं जाणं हे काही पाप नव्हे. पण आत्ता तुमच्या पदरात दोन पदं आहेत, त्यातलं एक सोडताय आणि लगेच दुसरं घेताय, हे गावाला कसं दिसेल ते तुम्हीच ठरवा. शिवाय साहेबांना तुम्ही का हवे आहात तेही बघा. त्या गटात चारच जागा आणि मतदार म्हणजे तालुक्यातले ग्रामपंचायत सदस्य. तुमच्याबरोबर तुमच्या पंचायतीची मतं येतात आणि आजूबाजूच्या चार गावांतले तुमचे मित्रही. तुमचं शेतीचं शिक्षण त्यांना दिसलंय असं पत्रावरून तरी वाटत नाही. निवडून आलात की पॅनेल ज्यांचं, त्यांच्या शब्दाबाहेर जाता येणार नाही. मग गावच्या रस्त्याचं पत्र घेऊन त्यांच्याकडे जाल तेव्हा सरपंच म्हणून जाल की त्यांचा संचालक म्हणून?

नाही म्हणायचं कसं, हा खरा प्रश्न. फोनवर सांगू नका, मोटारसायकल काढून स्वतः जा आणि चारचौघांत नको, एकटे गाठा. "साहेब, गावात सोसायटीवरून बोलणं चाललंय. मी चेअरमनपद सोडतोय. अशात मला फॉर्म भरायला लावलात तर विरोधक तुमच्याच पॅनेलवर बोट ठेवतील." एवढं म्हणा. त्यांना नीती समजावायच्या फंदात पडू नका, त्यांना त्यांचा तोटा दाखवा. ते लगेच ऐकतील. रुसले तर रुसले. दुसरा उमेदवार त्यांना संध्याकाळपर्यंत मिळेल.

राहिला गाळा. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्या. ऐनवेळच्या विषयांत ढकलू नका. सभेत तो विषय आला की उपसरपंचांना अध्यक्षस्थानी बसवा आणि सगळ्यांसमोर सांगा, "अर्ज माझ्या सहीचा होता, म्हणून या विषयात मी बोलणार नाही आणि मत देणार नाही." सांगून बाहेर जा. दारात उभं राहून ऐकू नका. तुम्ही बाहेर गेलात याची नोंद इतिवृत्तात झालीच पाहिजे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (म्हणजे आपल्या ग्रामसेवकाला, नाव आता बदललंय) हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीनं 'सरपंचांच्या अध्यक्षतेखाली' लिहून मोकळा होईल. जुना ठराव रद्द करून लिलाव लावा. फलकावर नोटीस, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस, दवंडीची चाल असेल तर दवंडीही. सोसायटीनंही बोली लावावी, पण तिच्या वतीनं बोलणारा माणूस दुसरा हवा. गाळा सोसायटीला मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर खताचं दुकान गोदामातही चालतं. तोवर जे महिने सातशेनं गेले त्यांचं काय, असा प्रश्न कोणी विचारलाच तर सोसायटीच्या मंडळानं फरक भरायचा ठराव करावा. ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरू नका. तसं केलंत तर तो पुन्हा तुमचाच खासगी व्यवहार होऊन बसेल.

क्रम मात्र हाच ठेवा: आधी गाळा, मग राजीनामा. उलट केलंत तर गाळ्याची भानगड नव्या चेअरमनच्या गळ्यात पडेल आणि गाव म्हणेल की तुम्ही पळालात. राजीनामा कोणाकडे द्यायचा ते सोसायटीच्या पोटनियमांत बघा, शंका असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारा. द्याल तो लेखी द्या आणि पोच घ्या. त्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहू नका. लोक सवयीनं तेच लिहितात आणि वही वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'गावाचा सरपंच म्हणून निवडून आल्यामुळे' असं स्पष्ट लिहा आणि ते कारण संचालक मंडळाच्या ठरावात जसंच्या तसं उतरतंय ना, ते सही करण्याआधी वाचून घ्या.